तिसऱ्या कॉलमखालचं ‘हो’

माझ्या मुलीला ते आधीच माहीत होतं की नंतर कळलं, एवढंच मला समजत नाही आहे. रविवार गेला, सोमवार गेला, आजचा मंगळवारही संपत आला. भांडी विसळताना, कपड्यांच्या घड्या घालताना, समोरचा माणूस बोलत असताना, डोक्यात तेच. आधी की नंतर? चूक कोणाच्याही हातून होते. पण चूक दिसल्यावर गप्प बसणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि माझी बारकी गप्प बसली असेल का, या शंकेने माझी पाठ धरली आहे. परवा, गुरुवारी सकाळी अकरा वाजता, समिती बसणार आहे. त्यानंतर कळून काही उपयोग नाही.

पण असं मधूनच सुरू केलं तर कोणाला काही उमगायचं नाही. आधी बारकी कोण ते सांगते.

बारकी हे माझं धाकटं अपत्य. वय एकतीस. अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. लहानपणी तिला रंगवायला चित्र दिलं तर ती आधी पेटीतले खडू उंचीप्रमाणे लावायची, आणि लावून होईपर्यंत झोपेची वेळ व्हायची. शाळेत वर्गाचं वेळापत्रक फळ्यावर लिहायचं काम तिच्याकडे होतं. एकदा शुक्रवारचा रकाना अरुंद पडला म्हणून तिने सगळा फळा पुसून पुन्हा आखायला घेतला. गणिताचा तास त्यातच गेला. वर्गाने तिला डोक्यावर घेतलं होतं त्या दिवशी. तिला मात्र कशाबद्दल कौतुक चाललंय तेच कळलं नव्हतं.

कॉलेजात तिने संख्याशास्त्र घेतलं. तिचा दादा म्हणाला, “हिला माणसांशी बोलायला नको, म्हणून आकडे.” ती म्हणाली, “आकडे मधेच तोडून बोलत नाहीत.”

आता ती एका संशोधन संस्थेत काम करते. काम काय, हे सांगताना माझी कायम फजिती होते. शेजारच्या काकूंना मी एकदा म्हटलं, “टेबलं बनवते.” काकू लगेच म्हणाल्या, “अगं बाई, मग आम्हाला एक जेवणाचं हवंच आहे, सहा खुर्च्यांचं!” तेव्हापासून घरात तिचं नाव टेबलवाली. संस्थेतही तेच म्हणतात असं नंतर कळलं, म्हणजे आमची मक्तेदारी नाही.

खरं काम असं. संस्थेतले लोक गावोगाव जाऊन माहिती गोळा करतात. ती माहिती सॉफ्टवेअरमध्ये घालून हिशेब चालवला, की पडद्यावर आकड्यांचा ढीग येतो. त्याला ते रिग्रेशन म्हणतात. तो ढीग जसाच्या तसा कोणी वाचू शकत नाही. ओळींची नावं अशी की माणसाने बघत राहावं: कुठे अक्षरं गाळलेली, कुठे शेपटीला दोन किंवा तीन चिकटलेलं. बारकी त्यातून रिपोर्टमध्ये छापायचा तक्ता तयार करते. कुठल्या ओळी ठेवायच्या, कुठल्या लपवायच्या, कशानंतर काय यावं, दशांशचिन्हानंतर किती आकडे, कंसातला आकडा खाली की शेजारी, आकडा किती खात्रीचा ते सांगणाऱ्या ताऱ्यांच्या खुणा किती, हे सगळं ती कमांड लिहून ठरवते. त्या कोड्यासारख्या नावांना ती माणसांची नावं देते. दुसऱ्या विभागांतले लोकही तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. “टेबलवाली, हा तक्ता पानात मावत नाहीये गं.” ती काही न बोलता दोन ओळी बदलते. तक्ता मावतो. लोक थँक्यू म्हणून जातात आणि जेवताना दुसऱ्या टेबलावर बसतात.

मी तीस वर्षं ग्रंथालयात सूचीचं काम केलं. एका पुस्तकाची दोन कार्डं झाली असतील तर मला चैन पडायचं नाही. औषधाच्या पट्टीवरची तारीख मी घरी आल्यावर परत वाचते. बारकीचे बाबा म्हणतात, “तू डॉक्टरचीसुद्धा नाडी बघशील.” तेव्हा संशय हा माझा धंदाच होता असं म्हणा. आणि बारकीचं काम मला आवडायचं ते त्यामुळेच. आमच्या दोघींची जात एकच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ती रविवारी आली होती, लॅपटॉप उघडून बसली होती. मी डोकावले. तक्त्याच्या अगदी तळाशी एक ओळ होती, ‘शाळांचा परिणाम वजा’, आणि तिच्यापुढे ‘नाही, नाही, हो.’

“हे काय?”

“फिक्स्ड इफेक्ट.”

“मराठीत सांग.”

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, “आई, दोनशे बारा शाळा आहेत. प्रत्येक शाळेचा स्वतःचा स्वभाव असतो. एखादी मुळातच बरी, एखादी मुळातच रडकी. आता बऱ्या शाळेला जादा शिक्षक मिळाला आणि मुलांचे मार्क चांगले दिसले, तर ते शिक्षकामुळे की शाळा मुळातच बरी म्हणून? कळणार कसं? म्हणून शाळेचा स्वभाव वजा करायचा. मग प्रत्येक शाळेची तुलना तिच्या स्वतःच्याच गेल्या वर्षाशी होते. शेजारणीशी नाही.”

“बरं झालं, शेजारणी सुटल्या. पण मग दोनशे बारा शाळांचे दोनशे बारा आकडे कुठायत?”

“लपवले. कोणाला बघायचेत? फक्त खाली लिहायचं, हो, वजा केलाय.”

“म्हणजे दोनशे बारा शाळा एका ‘हो’मध्ये गुंडाळल्यास?”

“हो,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

मग तिने मला आणखी एक दाखवलं. शाळा मोठ्या रस्त्यापासून किती लांब, अशी एक ओळ होती. पहिल्या दोन कॉलमांत तिच्यापुढे आकडे, तिसऱ्यात मोकळी जागा. “हे राहून गेलंय,” मी म्हटलं. माझा ग्रंथालयातला आवाज लागला असणार, कारण ती हसली. “राहिलेलं नाही. शाळा काही दरवर्षी उठून सरकत नाही ना? जे बदलतच नाही त्याची स्वतःशी तुलना काय करणार? शाळेचा परिणाम वजा केला की ही ओळ गळून पडते. सॉफ्टवेअरच टाकून देतं. तिथे आकडा दिसला असता तर घाबरायचं.”

हे वाक्य तिचं आहे. तिथे आकडा दिसला असता तर घाबरायचं. मी शिकवलेलं नाही.

तिच्या वरच्या ज्या बाई आहेत त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात. हा शाळांचा अभ्यास त्यांचाच. आडबाजूच्या शाळांना वाचन शिकवणारा एक जादा शिक्षक दिला तर मुलं सुधारतात का, हे बघायला त्यांनी तीन वर्षं घालवली. मी त्यांना एकदाच भेटले. बारकी चष्मा घरी विसरून गेली होती, तो द्यायला मी संस्थेत गेले. लांबट खोली, खिडक्या अर्ध्या कपाटांनी अडवलेल्या, प्रत्येकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. बारकीच्या जागी फक्त एक चिठ्ठी, तीही सरळ रेषेत. मॅडम स्वतः उठून आल्या. आवाज मधात घोळवलेला.

“तुम्ही आई का? तुमची मुलगी म्हणजे आमचा उजवा हात. तक्त्यांना मी तर हातच लावत नाही. ती देईल ते डोळे मिटून घेते.”

मी घरी येऊन म्हटलं, “अहो, जी बाई कधी कागदाला हात लावत नाही तिच्या हाताचा ठसाही सापडत नाही.”

बाबा म्हणाले, “ती कौतुक करत होती गं.”

“कौतुकच ऐकलं मी.”

महिन्याभरापूर्वी रिपोर्ट छापून आला. जाड, गुळगुळीत, कोऱ्या कागदाचा वास येणारा. आतल्या पानावर शेवटी बारीक टाइपात ‘तक्ते’ आणि पुढे बारकीचं नाव. तिचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. बाबांनी ते पान उघडं ठेवून रिपोर्ट टीव्हीसमोर उभा करून ठेवला, आणि दोन दिवस आम्ही बातम्यांची वरची अर्धी बाजूच बघितली. तिसऱ्या दिवशी मी तो वाचायला घेतला. लेकीचं नाव वाचून पुस्तक मिटणाऱ्यांपैकी मी नाही.

सदतिसाव्या पानावर मुख्य तक्ता होता. तीन कॉलम. तळाशी ती ओळखीची ओळ: शाळांचा परिणाम वजा, नाही, नाही, हो. मी सवयीने रस्त्याच्या अंतराच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं. पहिल्या कॉलमात आकडा. दुसऱ्यात मोकळी जागा. तिसऱ्यात आकडा, वर तारा.

‘हो’ म्हटलेल्या कॉलमात आकडा. ‘नाही’ म्हटलेल्या कॉलमात मोकळी जागा.

मी चष्मा पुसला. पुन्हा बोट ठेवलं. मग वरची ओळ बघितली, जादा शिक्षकाची. दुसऱ्या कॉलमात शून्य पूर्णांक सात, तारा एकही नाही. तिसऱ्यात चार पूर्णांक दोन, तीन तारे. आणि समोरच्या पानावर मॅडमनी लिहिलेलं वाक्य, जाड अक्षरांत: शाळांचा परिणाम वजा केल्यावरही जादा शिक्षकामुळे मुलांचे गुण चारने वाढतात.

मला संख्याशास्त्र येत नाही. पण कार्डं अदलाबदल झालेली मला कळतात. वजा केल्यावर उरतं ते शून्य पूर्णांक सात, म्हणजे जवळजवळ काही नाही. चारचा आकडा वजा न केलेल्या कॉलमातला आहे. खालचे दोन शब्द आपल्या जागेवरून हललेले नाहीत, आणि आकडे हललेत. आणि हललेत ते नेमके मॅडमना हवे तसे. मला एवढ्या सोयीची चूक पचत नाही.

पुढच्या रविवारी बारकी आली. जेवण झाल्यावर मी रिपोर्ट तिच्यासमोर ठेवला, सदतिसावं पान उघडून. तिने पानाकडे बघितलंही नाही. “आई, प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारत बसू नकोस गं,” म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. आकड्याचा विषय कोणी काढला होता?

ती गेल्यावर बघितलं तर रिपोर्ट जागेवर नव्हता. बाबा म्हणाले, “तीच घेऊन गेली, ऑफिसात एक प्रत कमी पडतेय म्हणाली.” पाचशे प्रती छापल्यात. मी ते छापखान्याच्या ओळीत वाचलं होतं.

मग पंधरा दिवस ती आलीच नाही. फोनवर विचारलं की, “काम आहे.” काय काम? “समितीची तयारी.” समिती म्हणजे शाळांचा कारभार बघणारे मोठे लोक. त्यांच्यापुढे मॅडम रिपोर्ट मांडणार, आणि समितीला पटलं तर शिक्षक नेमण्याची ही पद्धत सगळीकडे लागू करणार, बाकीच्या योजना बंद करून. बारकी मॅडमच्या शेजारी उभी राहून पडद्यावर तक्ते दाखवणार. त्याच महिन्यात संस्थेत कोण कायम होणार याची यादी लागायची आहे. पाच वर्षं ती सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीच्या पत्रावर काम करते आहे. हे सगळं मी एकाशेजारी एक मांडून बघितलं.

परवाच्या रविवारी ती आली. या वेळी मी ताटं वाढायच्या आधीच विचारलं.

“बारके, तो दुसरा आणि तिसरा कॉलम उलटापालटा झालाय.”

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवू लागली. बाबा वर्तमानपत्रामागे गेले. ते असे वेळेवर गायब होतात.

“हो,” ती म्हणाली.

“कसा?”

“मॅडमचा शेवटच्या दिवशी फोन आला. म्हणाल्या, शाळा वजा केलेला कॉलम मधे टाक, लोकांची नजर शेवटच्या कॉलमवर जाते. मी कमांडमध्ये क्रम बदलला. आकडे हलले. ती तळाची ओळ हाताने टाइप केलेली असते. ती होती तिथेच राहिली.”

“हाताने? एवढं सगळं यंत्र करतं आणि हो-नाही हाताने?”

“नव्या पद्धतीत यंत्रच लिहितं. मॅडमना त्यांचा जुना साचा लागतो. त्यात आपण लिहू ते छापलं जातं. आतल्या हिशेबात काही का असेना.”

“आणि त्यांनी ते जाड अक्षरातलं वाक्य तक्ता बघून लिहिलं?”

“तक्ता बघूनच लिहितात त्या.”

“म्हणजे त्यांना माहीत नाही?”

“मला काय माहीत त्यांना काय माहीत आहे?” हे ती पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलली. “शून्य पूर्णांक सात त्यांनी आधीच्या मसुद्यात वाचला होता. एकदा नाही, चारदा. चार पूर्णांक दोन बघून त्यांनी काही विचारलं नाही. छान म्हणाल्या.”

वर्तमानपत्र हललं. मागून बाबा म्हणाले, “बघ, मी म्हणत होतो ना, कौतुक करते ती बाई.”

मला हायसं वाटायला हवं होतं. चूक साधी होती. वर्षानुवर्षं व्यवस्थित काम करणाऱ्या माणसाच्याच हातून व्हावी अशी. बेशिस्त माणूस तळाची ओळ एकदा तरी तपासतो, कारण त्याचा स्वतःवर भरवसा नसतो. बारकीचा होता. पण माझ्या तोंडून पुढचा प्रश्न गेलाच.

“तुला कधी दिसलं? छापायच्या आधी की नंतर?”

तिने ग्लासात पाणी ओतलं. पूर्ण भरलं, कडेपर्यंत, आणि प्यायली नाही. “आई, मला निघायला हवं,” म्हणाली. जेवली नाही. पायात बूट घालताना तिचा हात जिन्याच्या कठड्यावर होता, आणि मी दारात उभी राहून तिच्या पाठीकडे बघत होते. आपल्याच मुलीकडे मी चोराकडे बघावं तसं बघत होते. ते तिला कळलं असणार. तिला पाठीमागचं कळतं.

तेव्हापासून मी गुंता सोडवते आहे. आधी दिसलं असेल, तर मॅडमच्या भीतीने गप्प बसली, की यादीत नाव यावं म्हणून? नंतर दिसलं असेल, तर मग सरळ ‘नंतर’ असं का म्हणाली नाही? एक शब्द तर होता. घरातला रिपोर्ट उचलून नेला तो कोणापासून लपवायला, माझ्यापासून? आणि मॅडम? गुरुवारी कोणी समितीतल्या हुशार माणसाने त्या ओळीवर बोट ठेवलं तर त्या काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. तक्त्यांना मी हातच लावत नाही. ती देईल ते डोळे मिटून घेते. आतल्या पानावर, बारीक टाइपात, तक्ते कोणी केले ते छापलेलंच आहे.

आणि कोणी बोट ठेवलंच नाही तर? ते मला जास्त वाईट वाटतं. मग दोनशे बारा शाळांच्या नावावर ते ‘हो’ तसंच राहील, आणि बारकी त्याच्याबरोबर जगायला शिकेल. ज्या मुलीने एका रकान्यासाठी अख्खा फळा पुसला, ती याच्याबरोबर जगायला शिकली, तर मला ती ओळखू यायची नाही.

बाबांना म्हटलं, मॅडमना मीच फोन करते. चष्मा द्यायला गेले तेव्हा त्यांनी नंबर दिला होता, कधीही फोन करा म्हणून.

ते म्हणाले, “करशील. आणि पोरीला तोंड कसं दाखवशील?”

“आणि नाही केला तर?”

“तिला विचारलंस का, ती काय करणार आहे ते?”

मी विचारलं नव्हतं. आधी की नंतर, एवढंच विचारलं होतं. झालं ते कसं झालं याच्याच मागे मी लागले होते, आणि गुरुवार पुढे होता.

आता बाबा झोपलेत. मी हे लिहीत बसले आहे, कारण लिहिलं की मला नीट दिसतं. बुधवारी तिने स्वतः जाऊन सांगितलं, तर ती चूक ठरेल. दुरुस्तीचं एक पान छापतील, मॅडम चिडतील, कदाचित यादीतलं नाव जाईल. गुरुवारी अकरानंतर मात्र तिला चूक म्हणायला कोणी तयार होणार नाही. मीसुद्धा.

सकाळपर्यंत थांबले तर ती कामाच्या गडबडीत असेल आणि नंतर बोलते म्हणून ठेवून देईल. आत्ता ती जागी असणार. तिला झोप लागत असेल तर मग माझाच अंदाज सगळा चुकला, आणि तसं झालं तर मी आनंदाने तिची क्षमा मागेन.

आधी की नंतर हे मी विचारणार नाही. कधी सांगायचं ते तिने सांगावं, नाहीतर कधीच सांगू नये. मी एवढंच विचारणार आहे: उद्या मॅडमना तू सांगतेस, की मी सांगू? ती म्हणेल, तू नको. मी म्हणेन, मग येते मी तुझ्याबरोबर, बाहेर बाकावर बसते. ती चिडेल. चिडू दे.

मॅडमना खरोखर फोन करायची माझी छाती होईल का, मला माहीत नाही. पण ते तिला कळता कामा नये.

फोन हातात घेतला आहे. तिचा नंबर लावते.